माल्ट्याचं मावंदं

शिरूरच्या भाजीबाजारात, ऐन गर्दीत, एक बाई वाकली आणि हर्षदाच्या पाया पडली. हर्षदाला आधी वाटलं, बाईंचं काही खाली पडलंय, चिल्लर नाहीतर चष्मा. म्हणून शोधायला तीही वाकली, आणि दोघींची डोकी आपटता आपटता राहिली. मग पावलावर बोटं टेकली. खरखरीत, मेथीच्या जुड्या बांधून हिरवी झालेली. बघते तर मांडवगणच्या सविताकाकू! आठवड्याच्या बाजाराला माळवं घेऊन येतात. वयानं हर्षदाच्या आईएवढ्या, लग्नात हर्षदाची ओटी यांनीच भरलेली. "अहो काकू, काय करताय हे!" ती एक पाऊल मागं सरली, तर काकू तेवढ्याच पुढं सरकल्या. "पडू दे गं. एवढ्या लांबची देवी करून आलीयास, आमाला कवा घडायचंय? मावंद्याला येतीच हाय मी, पर तिथं गर्दीत कुठं हात पोचायचा! आत्ता घावलीस तर म्हनलं घ्यावं उरकून." आणि उरकलं म्हणून समाधानानं त्यांनी पदर सारखा केला, दोन जुड्या हर्षदाच्या पिशवीत कोंबल्या आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. देवीहून आलेल्या बाईकडून मेथीचे पैसे घ्यायचे म्हणजे काय!

हर्षदा पिशवी घेऊन निघाली ती उलट्याच दिशेला. मच्छीबाजाराचा वास आला तेव्हा तिच्या लक्षात आलं. उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं होतं, पाठ भरून आली होती, आणि पावलांवर काकूंची बोटं अजून टेकलेलीच आहेत असं वाटत होतं. आता मावंदं म्हणजे काय, हे शहरात राहून विसरलेल्यांसाठी सांगायला हवं. काशी करून माणूस घरी आला की तो गावाला जेवू घालतो. आणलेल्या गंगेची पूजा होते. जाऊन आलेल्या जोडप्याला पाटावर बसवून लोक त्यांचे पाय धुतात, कुंकू लावतात, पाया पडतात. त्या वेळी कुणी वय बघत नाही, ऐंशीची म्हातारी विशीतल्या पोरीच्या पाया पडते. ज्याला जाणं झालं नाही त्याच्या पदरात तेवढंच चिमूटभर पुण्य. काशीचं मावंदं होतं, रामेश्वराचं होतं. माल्ट्याचं मावंदं मात्र शिरूर तालुक्यात काय, अख्ख्या पृथ्वीवर आजवर कुणी घातलं नसेल. तो मान हर्षदाच्या नवऱ्याच्या, सत्यजीतच्या घराला मिळणार होता, येत्या रविवारी, मांडवगण फराटा गावच्या घरी. आणि ज्या देवळापायी हे सगळं चाललं होतं ते देऊळ हर्षदानं पाहिलंच नव्हतं. देऊळ बघायला सगळे गेले त्या दिवशी ती झोपली होती.

सत्यजीतचं शिरूरला खतं-औषधांचं दुकान. या धंद्यात कंपन्यांची एक रीत असते: वर्षभर आमचा माल इतका उठवा, मग तुम्हाला जोडीनं परदेश दाखवतो. त्यामुळं ज्यानं पुण्याचा शनिवारवाडा आतून पाहिला नाही असा दुकानदार आपल्याकडं बँकॉक आणि दुबई करून आलेला असतो, आणि तिथल्या कुठल्या हॉटेलात वरणाला फोडणी नीट देतात हे तुम्हाला सांगतो. यंदा कंपनीनं माल्टा काढला. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट, इटलीच्या पायाखाली. आठवडाभराचा दौरा आणि त्यात हजारो वर्षं कोंबायची. सकाळी नाश्ता होतो न होतो तोच बसमध्ये चढा, उतरा, बघा, फोटो काढा, चढा. समुद्रावरचे बुरूज, त्यांवरच्या तोफा, तटबंदीच्या आतलं जुनं गाव, तिथल्या गल्ल्या इतक्या चिडीचूप की आपल्या डीलर मंडळींनी एकमेकांना मारलेल्या हाका तीन-तीनदा परत ऐकू येत. राजधानीतल्या मोठ्या चर्चमध्ये सगळी जमीन म्हणजे जुन्या सरदारांची थडगी, रंगीत संगमरवरात कोरलेले सांगाडे, त्यांच्यावरूनच चालायचं. हर्षदा भिंतीच्या कडेकडेनं चालली. मेलेल्या माणसाच्या छातीवर पाय कसा द्यायचा? दौंडचे एक डीलर मात्र एका सरदाराच्या बरोबर तोंडावर उभे राहून बायकोला हसायला सांगत होते.

हर्षदाला यातलं काही आवडलं नाही असं नाही. आवडायला जी जागा लागते मनात, तीच मोकळी नव्हती. गाईड बाई छत्री उंच धरून सांगायची, टूर मॅनेजर त्याचं हिंदी करायचा, आणि ते शब्द हर्षदाच्या कानापर्यंत येऊन बाहेरच बसून राहायचे. डोळ्यांत वाळू. गुडघ्यांत ओलं पोतं बांधल्यासारखा जडपणा. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "भाभी, तुम्ही एन्जॉय का नाय करत?" आणि ती हसायची. हसणं हेही एक कामच असतं, आणि तिला आता कुठलंही काम नको होतं. एकदाच ती थांबली, आपणहून. राजधानीतल्या वस्तुसंग्रहालयात, अंधाऱ्या खोलीत, काचेच्या पेटीत तळहातावर मावेल एवढी मातीची बाई होती. झोपलेली. एका कुशीवर, हात डोक्याखाली, अंगानं चांगली भरलेली, कंबरेचा डोंगर झालेला. हजारो वर्षांपूर्वीची, जमिनीखालच्या दफनघरात सापडलेली. गाईड म्हणाली, ही देवी आहे, की मेलेली बाई आहे, की नुसती झोपलेली, कुणालाच सांगता येत नाही. हर्षदाला लगेच सांगता आलं असतं. तिनं घरातली मरणं पाहिली होती, सासऱ्यांना तर शेवटी तिनंच पाणी घातलं होतं. मेलेल्या माणसाचा खांदा असा नसतो. ही झोपलीय, आणि गाढ झोपलीय, आणि उशिरा उठणार आहे. तिला त्या बाईचा हेवा वाटला. देवाशप्पथ, सोन्यानाण्याचा वाटला नव्हता कधी कुणाचा, तो त्या मातीच्या बाईचा वाटला. "चलो चलो भाभीजी, बस खडी है," असं मॅनेजर ओरडेपर्यंत ती काचेला नाक लावून उभी होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. म्हणजे जाग आली, पण उठली नाही. तो देवळांचा दिवस होता. समुद्रकाठच्या उंचवट्यावर प्रचंड दगडांची देवळं, पिरॅमिडांच्याही आधीची, ऊन-वाऱ्यानं झिजू नयेत म्हणून वर मोठे तंबू ताणलेले. हे सगळं तिला पुढं सत्यजीतच्या फोटोंवरून कळलं. सत्यजीत एक मोजा घालून दुसरा शोधत होता. "मी नाही येत," ती म्हणाली. "का गं, बरं नाही का?" "बरं आहे." "मग?" "झोपते." तो मोज्यासकट उभा राहिला. "अगं, झोपायला का आलोय आपण इथं? झोपायला शिरूरला काय पलंग नव्हता?" नव्हता, असं तिला म्हणायचं होतं. पण तेवढं बोलायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. नवरा काही वाईट नव्हता. वाईट असता तर निदान कुणाला तरी बोल लावता आला असता. त्यानं पडदा ओढला, तिच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली, आणि दाराच्या मुठीला 'त्रास देऊ नका' अशी लाल पाटी अडकवून, आवाज न करता दार लावून गेला.

मावंद्याची भानगड उभी राहिली ती दुपारी. देवळापाशी पोचल्यावर सत्यजीतनं घरी व्हिडिओ कॉल लावला. शिरूरला पलंगावर उशांच्या आधारानं बसलेल्या आईच्या, दगडाबाईंच्या, पुढं मायाताईनं मोबाईल धरला. मायाताई म्हणजे सत्यजीतची थोरली बहीण, हे दोघं बाहेर म्हणून आठवडाभर आईपाशी येऊन राहिलेली. "आई, हे बघ, पाच हजार वर्षांच्या आधीचं देऊळ! देवीचं हाय म्हणत्यात." दगडाबाईंनी मोबाईलला हात जोडले. त्यांना काही थोतांड वाटलं नाही. देवी असते, ती जुनी असते, लांब असते, उंचवट्यावर असते. यात नवीन ते काय? मग त्यांनी विचारलं, "हर्षदा कुठं हाय?" आणि सत्यजीत, ज्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी हलका माल दिला नाही, तो पटकन बोलून गेला, "आत गेलीय, दर्शनाला. आत मोबाईल न्यू देत न्हाईत." आता बोला! आपल्या देवळांची सगळी व्यवस्था त्यानं एका वाक्यात तिकडं नेऊन बसवली. दगडाबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "पोरीनं माझ्या वाटणीचं बी बघितलं गं माया. आता मावंदं घालायला पायजे."

दगडाबाई स्वतः कुठं गेल्या नव्हत्या. काशीला जायचं ठरलं की कांदा काढणीला यायचा, कांदा उरकला की कुणाचं बाळंतपण. मग दीर वारला, मग नवरा. आणि तीन वर्षांमागं न्हाणीत पाय सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय काही धड भुईला लागला नाही. मग गावाकडून त्यांना शिरूरला आणलं. दिवसा एक बाई येते. रात्री हर्षदा. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पलंगाला लागून खाली गादी. कूस बदलायची तर कुणीतरी धरावं लागतं, भांडं द्यावं लागतं, पाय वळला तर चोळावा लागतो, आणि काहीच नसलं तरी म्हातारीला मध्येच भ्यायला होतं. "हर्षदे." फार हळू हाक असते. कुजबुजच. पण हर्षदाचा देह त्या हाकेच्याही आधी उठून बसलेला असतो. हाक येईल म्हणून आधी जागी होते, आणि आली नाही तर का आली नाही म्हणून श्वास ऐकत बसते. दगडाबाई काही छळणारी सासू नव्हे, उलट दर वेळी "तुला लई तरास देती बाई" म्हणतात, आणि मग त्यांनाच उलट समजावत बसावं लागतं, त्यात उरलेली झोप जाते.

आणि हीच ती हर्षदा, जी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढली. वडील, संपतराव, रेल्वेत. खिडकीतून ढेकूळ भिरकावलं तर पोचेल एवढ्यावर रूळ. रात्रभर डबे जोडायचे, तोडायचे, इंजिनांच्या शिट्ट्या, मालगाडी निघाली की मांडणीवरचे डबे खडखडायचे. पाहुणे आले की पहिल्या रात्री ठार जागे. आणि हर्षदा? घोरायची! आई म्हणायची, हिच्या उशाला इंजिन आणून उभं केलं तरी ही कूस बदलून पुन्हा झोपेल. शाळेच्या वेळी तिला उठवायला वडील पायाचा अंगठा ओढायचे. ती झोप कुठं गेली? लग्नात मागं राहिली, की लेक समृद्धी तान्ही असताना थोडी थोडी करून संपली? आता समृद्धी पुण्यात नोकरी करते आणि रविवारी दुपारपर्यंत लोळते, फोनवर सांगते, "मम्मी, यार, खूप झोप झाली, डोकं दुखतंय." हर्षदाला वाटतं, एकदा आपलंही डोकं तसं दुखावं.

त्या दिवशी दुखलं. त्या बेटावर, लाल पाटीच्या आत. आधी तास-दोन तास देहाचा विश्वासच बसेना, तो सवयीनं उठून बसायचा आणि कान लावायचा. बाहेर समुद्र होता, त्याचं काहीतरी चाललं होतं, पण त्यात आपलं नाव नव्हतं. मग कधीतरी आतली एक गाठ सुटली आणि हर्षदा झोपेत खाली गेली. स्वप्न नाही, काही नाही. जागी झाली तेव्हा पडद्याच्या फटीतलं ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलेलं, तोंडातून उशीवर लाळ आलेली, आणि आपण कोण, कुठल्या गावच्या, कुणाच्या कोण, हे क्षणभर काही आठवेना. आणि ते न आठवणं किती गोड होतं म्हणून सांगू! मग आठवलं. तिला रडू आलं, पण तेही झोपाळलेलं, सावकाश. सत्यजीत आला, फोटो दाखवू लागला, ती प्रत्येक फोटोला "छान" म्हणाली. पाहिलेला सगळा माल्टा तिच्या डोक्यातून एव्हाना धुऊन गेलाय. राहिलीय ती मातीची बाई आणि तो दिवस.

मच्छीबाजारातून ती तशीच दुकानावर गेली. सत्यजीत एका शेतकऱ्याला ठिबकमधून सोडायचं खत समजावत होता. शेतकरी गेला तशी ती म्हणाली, "मावंदं बंद करा." "काय झालं आता?" तिनं सविताकाकूंचं सांगितलं. सत्यजीत हसला, मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "अगं, अख्ख्या भावकीला सांगून झालंय. सोसायटीचे चेअरमन येणारेत. ताईनं पुरणाची डाळ पण निवडलीय. आता काय सांगू लोकांना?" "झोपले होते म्हणून सांगा." "हर्षदा, असं कुणी सांगतं का? कंपनीनं विमानानं नेलं आणि ही तिथं जाऊन झोपली! वर्षभर लोक दात काढतील. आणि मी पाहिलंय ना देऊळ? नवरा-बायकोचं एकच असतं." "मग तुमचे एकट्याचे पाय धुवा." तो गल्ल्यावरचा धूळ बसलेला गणपती पुसू लागला. मग हळूच म्हणाला, "आईचा विचार कर. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं कशाचा तरी हट्ट धरलाय. तुझ्या पाया पडायचं म्हणून रोज दिवसाच्या बाईला धरून उभं राहायचा सराव करतीय. सांग तिला तू. मी न्हाई सांगू शकत." आणि इथंच तर सगळं अडलं होतं. लोक पडले पाया तर पडोत, चार दिवसांनी विसरतील. पण दगडाबाईंनी, त्या खुब्यानं, कळा सोसत वाकायचं आणि कशाला? न पाहिलेल्या देवळाला? हर्षदाला ते सहन होणार नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर त्याच्याखाली आणखी एक होतं, ते ती सत्यजीतला बोलली नाही. तो दिवस तिचा होता. एवढाच एक. तो असा देवळाखाली झाकून टाकला तर तो झालाच नव्हता असं होईल.

शनिवारपर्यंत सांगू सांगू करत राहिली. रात्री दगडाबाईंची कूस बदलताना शब्द ओठांवर यायचे, तेवढ्यात म्हातारीच विचारायची, "लई गर्दी व्हती का गं देवीला?" "नव्हती." "ओटी भरू देत्यात का?" "माहीत नाही." "तुला गडबडीत सुचलं नसंल." आणि पाय चोळता चोळता हर्षदाला वाटायचं, उद्या सांगू. दमलेल्या माणसाला खोटं बोलायला कष्ट पडत नाहीत, नुसतं गप्प बसलं की भागतं.

रविवारी सकाळी गाडीची मागची सीट आडवी करून दगडाबाईंना मांडवगणला नेलं. घरापुढं मांडव, झेंडूच्या माळा, चुलवणावर पुरण शिजत होतं, आणि मायाताईच्या आवाजानं घर दणाणत होतं. पाटावर तांब्याचा गडू मांडलेला. "सत्या, तीरथ कुठाय?" तीर्थ! तिथं सगळ्यांनीच हात टेकले असते, पण सत्यजीतनं शांतपणे बॅगेतून हॉटेलची पाण्याची बाटली काढली, जी त्यानं सवयीनं येताना उचलून आणली होती. त्यावरचं निळं लेबल त्यानं आधीच नखानं खरवडून काढलं होतं. मायाताईनं ती कपाळाला लावून गडूत ओतली. गुरवानं फूल वाहिलं. हर्षदाला हसू आलं आणि त्याच वेळी इतका थकवा आला की दाराच्या चौकटीला टेकावं लागलं. बायका जमत होत्या, तिच्याकडं बघून पदर डोक्यावर घेत होत्या. चेअरमन मोबाईलवर बोलत बोलतच हात जोडत होते. "हर्षदा, आईला आवरून आण गं बाहेर," मायाताई ओरडली, "पैला मान तिचा. परात मांडतीय मी."

आतल्या खोलीत दगडाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. हर्षदानं त्यांचा अंबाडा घातला, नऊवारी सारखी केली. दगडाबाई म्हणाल्या, "भायेर गर्दीत मला वाकाया जमायचं न्हाई. पडले-बिडले तर तमाशा व्हईल. हितंच पडती. तू पलंगावर बस, पाय वर घे." आणि पलंगाच्या कठड्याला धरून त्या सरकू लागल्या. कळ आली असावी, ओठ दाताखाली धरला होता. हर्षदानं पाय आखडून पदराखाली घेतले. "नका, आत्याबाई." "का गं?" "मी नाही पाहिलं ते देऊळ." दगडाबाई तशाच, अर्ध्या वळलेल्या. "म्हंजी?" "मी आत गेले नव्हते. मी तिथं गेलेच नव्हते. हे गेले, सगळे गेले. मी हॉटेलात होते." एवढं बोलून झालं आणि मग थांबवेना, आवाज चिरकला, "झोपले होते मी, आत्याबाई. मला झोप येत होती. देवी नको होती, समुद्र नको होता, काही नको होतं मला. मी झोपले. दिवसभर. चुकलं असेल तर चुकलं."

बाहेर परातीचा आवाज झाला. कुणीतरी लहान मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला पुरण देते म्हणून गप्प करत होती. हर्षदानं दगडाबाईंच्या तोंडावर राग शोधला, मग निराशा शोधली. म्हातारी नुसती काहीतरी जुळवत होती, फार लांबचं.

"दीसभर?"

"सकाळी हे गेले तेव्हापासून. उठले तेव्हा उन्हं उतरली होती."

"आन् कुनी उठवलं न्हाई?"

"नाही."

"कुनीच?"

"कुणीच नाही, आत्याबाई. दाराला पाटी लावतात तिथं. ती लावली की कुणी दार वाजवत नाही."

दगडाबाईंनी कठडा सोडला आणि हळूहळू मागं टेकल्या. "पाटी लावत्यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी सोळा वर्साची या घरात आले. पहाटंचं जातं, मग धारा, मग पोरं, मग रातचं पाण्याची दारं धराया शेतावर. एकदा तापानं फणफणले व्हते, तवा बी सासूबाईनं दोनदा उठवलं, चुलीचा जाळ बघ म्हनून. आन् मग माझं मलाच उठायची सवय लागली. कुनी न्हाई उठवलं तरी उठायची." मग विचारलं, "खोली कशी व्हती?"

"अंधारी. पडदे जाड होते. पांढरी चादर, ताठ, इस्त्रीची. थंडगार."

"आन् जाग आल्यावर?"

"जाग आल्यावर काही आठवेना. मी कोण तेच आठवेना."

"माझी बी आठवन न्हाई आली?"

हर्षदानं मान हलवली. नाही. दगडाबाई हसल्या. बोळकं हसू, पण त्यात कुठं टोचणी नव्हती. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "एक दीस तरी सुटलीस." मग त्यांनी पुन्हा कठड्याला धरलं आणि पुन्हा सरकू लागल्या, तशाच, ओठ दाताखाली धरून. "आत्याबाई, अहो सांगितलं ना मी..." "ऐकलं. भैरी न्हाई मी." त्यांचा हात पुढं आला, शिरा वर आलेला. "काढ पाय भायेर. देवळं काय, आपल्या गावात बी हायत. हे न्हाई मला घावलं जल्मात." आणि पदराखालचं पाऊल त्यांनी स्वतःच ओढून काढलं आणि त्याच्यावर हात ठेवला. ठेवूनच बसल्या. "आज रातच्याला बी उठवीन मी तुला," त्या खाली बघत म्हणाल्या. "उठवायचं न्हाई म्हनलं तरी उठवीन. मला दुसरं कोन हाय?"

"उठवा," हर्षदा म्हणाली.

बाहेरून मायाताईनं पुन्हा हाक मारली, परातीतलं पाणी निवतंय म्हणून. दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.